दालनात पणती लावू नका : ब्रिटनमधील मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
कार्यकारिणी सदस्य आणि सर्व सभासद,
स्कॉटलंड, इंग्लंड व वेल्समधील मराठी मंडळे

सप्रेम नमस्कार.

उन्हाळा जवळ आला की आपल्या मंडळांमध्ये सहलींचे बेत ठरू लागतात. पूर्वी हे बेत एडिनबरोचा किल्ला आणि लॉख नेसच्या पलीकडे क्वचितच जात. अलीकडे मात्र इन्व्हर्नेसजवळील क्लाव्हा, केथनेसमधील कॅमस्टर, ऑर्कनी बेटांवरील मेसहाउ अशी नावेही त्यांत दिसू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. चार-पाच हजार वर्षांपूर्वीची दफनस्थळे मुलांना दाखवावीत असे आई-वडिलांना वाटणे ही लहान गोष्ट नव्हे. तथापि अशा सहलींची जी छायाचित्रे नंतर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतात, त्यांतील काही पाहून हे पत्र लिहिण्यावाचून राहवले नाही. दगडांच्या राशीच्या माथ्यावर चढून काढलेला समूहफोटो, दालनाच्या मधोमध तेवणारी पणती, उभ्या शिळेच्या पायाशी फुले व सुटी नाणी, आणि आठवण म्हणून घरी आणलेला, आता दिवाणखान्याच्या कपाटात ठेवलेला एक दगड अशी ती छायाचित्रे आहेत. यांपैकी एकाही कृतीमागे वाईट हेतू नव्हता. नासधूस करण्यासाठीच येणाऱ्या माणसाला पत्र लिहून काही साधत नाही; आदराने येणाऱ्याला लिहिता येते, म्हणून हा प्रपंच.

ज्याला येथे ‘केर्न’ म्हणतात, ती वरवर पाहता दगडांची रास असते, परंतु नवाश्मयुगीन दालनयुक्त केर्न ही आतून बांधलेली वास्तू असते. कॅमस्टरचे उदाहरण घेऊ. लिबस्टर गावाजवळ ए ९९ हा रस्ता सोडून सुमारे ८ किलोमीटर उत्तरेला गेले की पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या) ओल्या, झाडे नसलेल्या माळावर करड्या दगडांच्या दोन राशी दिसतात. त्यांतील गोल केर्नचा व्यास सुमारे १८ मीटर व उंची साडेतीन मीटरांहून थोडी अधिक आहे. लांब केर्न ६० मीटरांहून लांब असून तिच्या पोटात मुळात दोन स्वतंत्र गोल केर्न होते, ज्यांना नंतरच्या पिढ्यांनी एकाच लांब राशीखाली घेतले. गोल केर्नमध्ये शिरायचे तर कमरेएवढ्याही उंचीच्या नसलेल्या, सुमारे सहा मीटर लांब बोळातून हातापायांवर रांगत जावे लागते, आणि मग अचानक मोठा माणूस ताठ उभा राहू शकेल असे दालन लागते. या दालनाचे छत बहुतांशी मूळचेच आहे. १८६० च्या दशकात जोसेफ अँडरसन आणि रॉबर्ट शिअरर यांनी येथे उत्खनन केले तेव्हा त्यांना राख, जळालेली हाडे, खापरे आणि गारेची हत्यारे मिळाली. अँडरसन तेव्हा विक येथे वृत्तपत्राचे संपादक होते. पुढे ते एडिनबरोच्या राष्ट्रीय पुरावस्तू संग्रहालयाचे प्रमुख झाले आणि स्कॉटलंडच्या पुरातत्त्वविद्येला शिस्त लावणाऱ्यांत त्यांची गणना होते.

या छताची रचना समजून घेतली की वर चढून फोटो का काढू नये हे सांगण्याची गरज उरत नाही. भिंतीचे दगड कोकणातल्या गडग्याप्रमाणे चुना-मातीशिवाय एकावर एक रचलेले आहेत. वर जाताना प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आतल्या बाजूला सरकवलेला आहे, जेणेकरून दालन वर निमुळते होत जाते आणि अखेर उरलेले तोंड मोठ्या शिळेने झाकता येते. असा पुढे सरकलेला दगड आत कोसळत नाही, याचे कारण त्याची मागची बाजू बाहेरच्या राशीच्या वजनाखाली दाबलेली असते. म्हणजे आपल्याला जो निव्वळ ढीग वाटतो, तोच छताला तोलून धरतो. त्या ढिगावरून वीस-पंचवीस माणसे चालली, दगड खाली घसरले, मुलांनी त्यांतले काही उचलून शेजारी छोटे मनोरे रचले, तर प्रत्येक वेळी तोलाचा थोडा थोडा भाग निघून जातो. आज काही होणार नाही. उद्याही होणार नाही. परंतु अशी दालने कोसळली की ती पुन्हा बांधता येतात, मूळची राहत नाहीत. कॅमस्टरच्या लांब केर्नचा मोठा भाग विसाव्या शतकात दुरुस्त करावा लागला, आणि तेथे जाणाऱ्याने दोन्ही राशींच्या कडा नीट पाहिल्या तर जुने आणि नवे काम यांतला फरक त्याला दिसू शकतो.

आता कायद्याविषयी. ब्रिटनमध्ये प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा पहिला कायदा १८८२ साली झाला. खासदार जॉन लबक यांनी १८७३ पासून हे विधेयक पुन्हा पुन्हा संसदेत मांडले आणि जमीनदारांच्या विरोधामुळे ते पुन्हा पुन्हा पडले. कुणाच्या खासगी जमिनीवरील दगडांविषयी सरकारने बोलावे ही कल्पनाच अनेकांना असह्य होती. अखेर जो कायदा झाला तो मवाळ होता. त्याच्या परिशिष्टात ब्रिटन व आयर्लंड मिळून अवघी ६८ स्मारके होती, आणि मालकाने स्वखुशीने स्मारक सरकारच्या देखरेखीखाली दिले तरच त्याचा खरा उपयोग होई. मात्र त्या यादीत मेसहाउ होते, क्लाव्हाही होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. राजवाडे आणि चर्च बाजूला ठेवून, ज्यांचे बांधकर्ते कोण हे कुणालाच सांगता येत नव्हते अशा दफनराशींपासून आणि शिळावर्तुळांपासून या देशाने स्मारकरक्षणाला सुरुवात केली. आपल्याकडील १९०४ चा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी आला.

आज लागू असलेला कायदा १९७९ चा आहे. त्यानुसार अनुसूचित, म्हणजे सरकारी संरक्षण-यादीत नोंदलेल्या, स्मारकावर परवानगीशिवाय कोणतेही काम करणे, त्याला जाणूनबुजून अथवा बेपर्वाईने इजा पोहोचवणे आणि परवानगीशिवाय तेथे धातुशोधक यंत्र वापरणे हे गुन्हे आहेत. शिक्षा दंडाची आहे आणि गंभीर प्रकरणी कारावासाचीही. ‘बेपर्वाईने’ या शब्दाकडे सहलीच्या संयोजकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण “आम्हाला माहीत नव्हते” हे उत्तर तेथे फारसे उपयोगी पडत नाही. शिवाय स्कॉटलंडमध्ये जमिनीत सापडलेली कोणतीही बेवारशी पुरावस्तू राजसत्तेच्या मालकीची ठरते व ती कळवणे बंधनकारक असते, मग ती सोन्याची असो वा गारेचा साधा टवका असो. कपाटातल्या त्या दगडाचे काय करावे, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांनी तो स्वतःच्या अंदाजाने केर्नवर परत नेऊन ठेवू नये. हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या सरकारी वारसा संस्थेला कळवावे आणि ते सांगतील तसे करावे.

तरीही कायद्याच्या भरवशावर राहता येत नाही, आणि या पत्राचे खरे कारण तेच आहे. स्कॉटलंडमध्ये सुमारे ८,००० अनुसूचित स्मारके आहेत. त्यांपैकी हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडच्या थेट देखभालीखाली असलेली ठिकाणे तीनशेच्या थोडी वर आहेत, आणि त्यांतलीही कित्येक कर्मचाऱ्याविना उघडी असतात. मेसहाउमध्ये मार्गदर्शकाशिवाय प्रवेश नाही आणि आत छायाचित्र घेण्यास मनाई आहे. कॅमस्टरला मात्र तिकीट नाही, पहारेकरी नाही. लोखंडी दार उघडायचे, आत जायचे आणि निघताना लावून घ्यायचे, एवढीच व्यवस्था. उरलेली हजारो स्मारके शेतकऱ्यांच्या कुरणांत मेंढ्यांच्या सोबतीने उभी आहेत, आणि त्यांतील अनेकांपाशी साधी पाटीही नाही. भारतात पुरातत्त्व खात्याच्या निळ्या फलकावरील शंभर मीटर आणि दोनशे मीटरची भाषा वाचून आपण वाढलो, म्हणून जेथे फलक नाही तेथे नियम नाही असे आपल्याला नकळत वाटते. येथे उलट आहे. राज्याने लोकांवर भिस्त ठेवली आहे, आणि २००३ च्या भूमिसुधारणा कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर सर्वांना रानावनात फिरण्याचा हक्कही दिला आहे. ही भिस्त सार्थ ठरवायची की नाही, हे तेथे पोहोचलेल्या माणसाच्या हातात असते.

आणि नेमके हातच आपल्याला आवरत नाहीत. आपल्या मातीत जुन्या दगडाविषयीचा आदर स्पर्शातून, लेपातून, अर्पणातून व्यक्त होतो. वीरगळ दिसला की त्याला शेंदूर लागतो, बांधावरच्या म्हसोबाला नारळ फुटतो, पडक्या देवळातही कुणीतरी सांजवात लावतेच. या चालीरीतींविषयी माझ्या मनात अजिबात तुच्छता नाही. महाराष्ट्रातील शेकडो शिल्पे गावकऱ्यांनी ती पूजेत ठेवली म्हणूनच जाग्यावर टिकली. परंतु ज्या दगडाशी समाजाचे नाते कधी तुटलेच नाही त्याला लागणारा शेंदूर, आणि हजारो वर्षे बंद राहिलेल्या दालनात आपण पाच मिनिटांसाठी लावलेली पणती, यांत मोठा फरक आहे. काजळी खडबडीत दगडात मुरते आणि निघत नाही. मेण आणि तेल दगडाच्या छिद्रांत शिरते. ज्योतीच्या उष्णतेने दगडाच्या पृष्ठभागाला तडे जातात. इंग्लंडमधील विल्टशायर येथील वेस्ट केनेटच्या दफनदालनात लोक श्रद्धेने छोट्या मेणबत्त्या लावतात, आणि तेथे हा त्रास वर्षानुवर्षे चालू आहे. कुंकवाचा रंग, तांदळामुळे येणारे उंदीर, नाण्यांचा गंज हे त्याच यादीतले पुढचे विषय.

येथे कुणी म्हणेल की अर्पण करणे ही काही केवळ आपलीच रीत नाही. ते खरे आहे. ऑर्कनीत स्टेनेसच्या शिळांजवळ ‘ओडिन स्टोन’ नावाची आरपार भोक असलेली एक शिळा होती. प्रेमिक त्या भोकातून हात हातात घेऊन शपथ घेत, आणि तेथे जाणारे लोक भाकरी, चीज किंवा चिंधी असे काहीबाही ठेवून येत. १८१४ च्या डिसेंबरात तेथल्या एका कूळ शेतकऱ्याने ती फोडून टाकली. गावकरी इतके संतापले की त्याचे घर जाळण्याचे प्रयत्न झाले, पण शिळा गेली ती गेलीच. लोकांची श्रद्धा उदंड होती. एका माणसाचा हात अडवण्यासाठी ती अपुरी पडली, आणि कायदा त्यानंतर अडुसष्ट वर्षांनी आला. स्थानिकांची ती रीत त्यांच्या शिळेशी जिवंत नात्याने बांधलेली होती. सहलीला आलेल्या पाहुण्यांनी तिचा आधार घेऊन दफनदालनात दिवे लावावेत, हे मला पटत नाही.

वस्तू जागची हलवू नये, यामागे केवळ जपणुकीचा हट्ट नाही, याचे माझ्या माहितीतील सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधील कॉट्सवोल्ड्स भागातील हेझलटन नॉर्थ या लांब केर्नचे आहे. इ. स. पू. ३७०० ते ३६०० च्या सुमारास बांधलेल्या या केर्नचे १९७९ ते १९८२ या काळात संपूर्ण उत्खनन झाले, आणि कोणते हाड कोणत्या दालनात कोठे होते याची काटेकोर नोंद ठेवली गेली. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, प्राचीन डीएनए वाचण्याची तंत्रे परिपक्व झाल्यावर, तेथील ३५ व्यक्तींची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी २७ जण एकाच घराण्याच्या पाच पिढ्यांतले निघाले. मूळ पुरुष एक, आणि त्याला ज्यांच्यापासून संतती झाली अशा स्त्रिया चार. आश्चर्याची गोष्ट अशी की कुणाला उत्तरेकडील दालनात ठेवायचे व कुणाला दक्षिणेकडील, हे त्या चार आदिमातांपैकी आपण कोणाचे वंशज आहोत यावरून ठरत होते. कुलवृत्तांत छापून घेण्याची आवड असलेल्या आपल्या समाजाला याचे मोल वेगळे सांगायला नको: लिपीचा मागमूस नसलेल्या काळातील पाच पिढ्यांची वंशावळ, आणि तीही आईच्या शाखांसह. १९८२ मध्ये खणणाऱ्यांना पुढे असे काही वाचता येईल याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांनी फक्त जागा नोंदवून ठेवली. मधल्या हजारो वर्षांत एखाद्या हौशी माणसाने आत शिरून हाडांची नीट रास लावली असती, तर डीएनए तोच राहिला असता, पण दालनांविषयीचा हा अर्थ कायमचा नाहीसा झाला असता.

याच्या उलट दाखला म्हणून मेसहाउकडे बोट दाखवले जाते. बाराव्या शतकात नॉर्स (स्कॅन्डिनेव्हियन वंशाचे) लोक त्या दालनात घुसले आणि त्यांनी भिंतींवर रून या त्यांच्या जुन्या लिपीतील तीसहून अधिक लेख कोरले; त्यांत कुणी इंगीगेर्थ नावाच्या स्त्रीच्या सौंदर्याची वाखाणणी केली आहे, तर कुणी रून कोरण्यात आपला हात धरणारा पश्चिम सागरात कोणी नाही अशी स्वतःचीच फुशारकी मारली आहे. आता तेच लेख जपले जातात. मग आमच्या ‘राजू, पुणे’ने काय बिघडते, असा प्रश्न एका सहलीत थट्टेने विचारला गेला होता. उत्तरही थट्टेनेच द्यायचे तर, राजूने साडेआठशे वर्षे थांबण्याची तयारी ठेवावी. गंभीरपणे सांगायचे तर, त्या नॉर्स मंडळींच्या आणि त्यांच्याआधीच्या घुसखोरांच्या हातून आतले जे गेले त्याची मोजदाद आज कुणालाही करता येत नाही: १८६१ मध्ये जेम्स फॅरर यांनी छतातून दालन उघडले तेव्हा मूळ दफनांपैकी त्यांच्या हाती जवळजवळ काहीच लागले नाही. रायगडाच्या आणि सिंहगडाच्या दगडांवर कोरलेल्या बदामांनी आपल्याला जेवढा संताप येतो, तेवढाच तो येथेही यावा.

एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्या आणि या दगडांच्या मधला खरा दुवा आहे. नागपूरजवळ काटोल रस्त्यावर जुनापाणी येथे सुमारे तीनशे शिळावर्तुळे आहेत, आणि तीही राष्ट्रीय महत्त्वाची संरक्षित स्मारके आहेत. १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्याने तेथे उत्खनन केले. तेथील काही शिळांवर त्यांना वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले दिसले, आणि ते स्कॉटलंडमधील खळग्यांसारखे आहेत असे त्यांनी लिहिले. स्कॉटलंडमधील खळग्यांची ही माहिती त्यांना ज्यांच्या ग्रंथातून मिळाली ते जेम्स यंग सिम्पसन म्हणजे शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्म आणणारे एडिनबरोचे सुप्रसिद्ध डॉक्टर. क्लाव्हाच्या दगडांवर असे खळगे आजही पाहता येतात. मात्र यावरून ‘आपलेच पूर्वज येथे आले होते’ असे संदेश कृपया पुढे पाठवू नयेत. विदर्भातील वर्तुळे लोहयुगीन आहेत आणि येथील नवाश्मयुगीन केर्नपेक्षा दोन हजारांहून अधिक वर्षांनी तरुण आहेत. दगडावर दगड आपटून खळगा पाडण्याची कल्पना माणसाला एकाहून अधिक ठिकाणी सुचू शकते. ज्यांना हे साम्य मनापासून भावते, त्यांनी पुढच्या भारतभेटीत जुनापाणीला जरूर जावे. तेथे जाणाऱ्या मराठी माणसांची संख्या क्लाव्हाला जाणाऱ्यांपेक्षा कमी असावी, अशी मला दाट शंका आहे.

आता मंडळांकडून काय हवे ते लिहितो. सहलीच्या आधी जो माहितीचा संदेश जातो, त्यात जेवणाच्या डब्यांच्या आणि रेनकोटच्या सूचनांबरोबर चार ओळी या स्मारकांविषयीही असाव्यात: राशीवर चढू नये, दगड उचलू वा रचू नये, आत ज्योत पेटवू नये, काहीही ठेवू नये आणि काहीही आणू नये. दालनात उजेडासाठी विजेरी न्यावी आणि एका वेळी चार-पाच जणांनीच आत जावे; बोळ अरुंद आहे, आणि रांगेतला शेवटचा माणूस घाई करू लागला की पुढच्यांचे खांदे भिंतीला घासतात. ज्यांना त्या मृतांना वंदन करावेसे वाटते त्यांनी अवश्य हात जोडावेत. तेवढा वेळ दोन्ही हात गुंतलेले राहतात, हाही एक लाभच. कॅमस्टरचा रस्ता एकेरी आहे, तेव्हा मोठी बस त्यावर न्यावी का याचा विचार आधीच करावा, आणि वाहनांना एकमेकांना वाट देण्यासाठी ठेवलेल्या जागांत गाड्या लावून ठेवू नयेत. केर्न कुणाच्या शेतात असेल तर फाटक होते तसे लावावे आणि मेंढ्यांच्या विणीच्या दिवसांत कुत्रे मोकळे सोडू नये. कोठे नवी मोडतोड, खणल्याच्या खुणा किंवा ओरखडे दिसले तर फोटो काढून संबंधित वारसा संस्थेला आणि १०१ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. ते साफ करण्याचा प्रयत्न स्वतः करू नये.

मुलांना मात्र अडवू नका. त्यांना त्या बोळातून रांगू द्या, आत गेल्यावर क्षणभर विजेरी बंद करू द्या, आणि छताचे दगड कसे पुढे सरकत गेले आहेत ते मोजू द्या. प्रश्न पडले तर उत्तरे आपल्यालाही ठाऊक असतीलच असे नाही, पण एडिनबरोच्या चेंबर्स स्ट्रीटवरील राष्ट्रीय संग्रहालयात नवाश्मयुगीन वस्तूंचे दालन विनाशुल्क खुले आहे आणि परतीच्या वाटेवर ते पाहता येते.

या चार ओळींचा मसुदा मराठीत आणि मुलांसाठी सोप्या भाषेत तयार करून देण्याची माझी तयारी आहे. येत्या कार्यकारिणी बैठकीत हा विषय घ्यावा आणि सहलीचे पहिले पत्रक निघण्यापूर्वी निर्णय कळवावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
स्कॉटलंडमधील एक सभासद